आत्याच्या घशाला ज्येष्ठमध

नवघर, भाईंदर पूर्व
रविवार, १५ मार्च

आदरणीय आत्या,

तुला, तुझ्या सोबतीला राहून हे पत्र वाचून दाखवणाऱ्या पंचशीलाला आणि ओट्याला बांधलेल्या शेळीला (तिचं नाव विसरलो, तिने राग धरू नये) जीवनचा मनापासून जयभीम. निशाचाही जयभीम. ती शेजारी बसून मेथी निवडते आहे आणि मी काय लिहितोय ते तिरक्या नजरेने बघते आहे. आम्ही इकडे ठीक आहोत. नळाला पाणी एक दिवसाआड येतं, माझे केस रोज जातात, बाकी तक्रार नाही. तुझा गुडघा कसा आहे? उजव्या डोळ्याने लांबचं नीट दिसतं का? शेजारच्या हरिश्चंद्राची म्हैस आपल्या तुरीत शिरते ती आता दुरूनच ओळखता येत असेल, म्हणजे ऑपरेशनचा तेवढा तरी फायदा. घशाचं मात्र मी विचारत नाही. घशाकडे मी सावकाश येणार आहे.

फोन असताना हा पत्राचा उपद्व्याप कशाला, असं तू मनात म्हणशील. मनातच म्हणशील, कारण तोंडाने तू माझ्याशी नोव्हेंबरपासून काही म्हटलेलंच नाहीस. दर रविवारी मी फोन करतो, पंचशीला उचलते, तुझ्या कानाला लावते, मी दहा मिनिटं बोलतो, तू तीन वेळा 'हूं' म्हणतेस आणि मग पंचशीला सांगते की आत्याचा घसा बसलाय. डाव्या डोळ्याच्या ऑपरेशनला चल म्हटलं तरी हूं, नको का म्हटलं तरी हूं. डॉक्टर म्हणतात मोतिबिंदू पिकलाय, उन्हाळ्यापलीकडे थांबू नका. तर हूं या एका अक्षरावर मी तुझा डोळा सोडू शकत नाही, म्हणून हे पत्र. (पंचशीला, जसं लिहिलंय तसंच वाच. मध्ये आपल्या पदरचं घालू नकोस, आणि मला वाईट दिसेल तिथे आवाज बारीक करू नकोस. अकरावीच्या मुलीला एवढं जमायला हवं.)

आधी नोव्हेंबरचं सांगतो. तुला आठवतं, पण माझ्या बाजूने तू ते ऐकलेलं नाहीस. उजव्या डोळ्याची पट्टी सुटली आणि आठवडाभरात तू आमच्या बिल्डिंगची झालीस. आमचे सेक्रेटरी गेली आठ वर्षं माझ्याशी 'केम छो' आणि 'मेंटेनन्स' याच्या पलीकडे बोललेले नाहीत, ते तुझ्याशेजारी बाकावर बसून गुडघ्याच्या तेलाची चर्चा करत होते. ते गुजराती मिसळलेल्या हिंदीत, तू परभणीच्या मराठीत, आणि दोघांनाही सगळं कळत होतं. संध्याकाळी जिन्याच्या पायरीवर तू पोरांना लांडग्याची गोष्ट सांगायचीस, तेव्हा तिसऱ्या मजल्यावरच्या भाभीसुद्धा दार किलकिलं ठेवून ऐकायच्या. मला तेव्हा याचा आनंद व्हायला हवा होता. पण मी पडलो मराठीचा मास्तर. माझ्या मनात एकच, की आपण शाळेत पोरांचे 'न' आणि 'ण' घासूनपुसून घेतो आणि घरातच आपली आत्या 'माह्यं-तुह्यं' करत जिना दणाणून सोडते आहे.

त्यातच आमच्या मुख्याध्यापिका संजनाबाई रविवारी जेवायला येते म्हणाल्या. स्वतःहून म्हणाल्या, हे लक्षात ठेव, त्याचं कारण मला फार उशिरा कळलं. मी शनिवारपासून घर आवरलं, पुस्तकं उंचीप्रमाणे लावली, निशाला कोंबडीत तिखट बेताचं घाल म्हणालो (तिने माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं ती नजर सासुरवाडी रत्नागिरीची असलेल्या माणसालाच ठाऊक) आणि सगळं आवरून झाल्यावर मी तुझ्याकडे आलो आणि म्हणालो, आत्या, बाई आल्या की तू जरा कमी बोल.

एवढंच. चार शब्द इकडे, चार तिकडे. तू मान डोलावलीस. संजनाबाई आल्या, त्यांनी तुला नमस्कार केला, गाव कुठलं विचारलं, आणि तू गळ्यावर हात ठेवून खुणेने सांगितलंस की घसा बसलाय. मी काय केलं असेल? मला काळजी वाटली! मी बाईंना सांगितलं, हवा बदललीय ना, इकडची खारट हवा मानवत नाही. रात्री मिठाच्या गुळण्या दिल्या, दुसऱ्या दिवशी हळद-दूध, तिसऱ्या दिवशी स्टेशनजवळच्या काष्ठौषधीच्या दुकानातून ज्येष्ठमध आणलं आणि तुला सांगितलं की काडी दाढेखाली धर. तू धरलीस. माझ्याकडे बघत बघत दिवसभर ज्येष्ठमध चघळलंस. चौथ्या दिवशी तुरीचं निमित्त काढून गावी गेलीस, आणि निघताना उरलेल्या काड्यांची पुडी माझ्या हातात परत दिलीस. मला वाटलं, आत्या किती नीटनेटकी आहे.

आता शाळेकडे वळतो. (पंचशीला, इथे आत्याला पाणी विचार. लांबण आहे.) फेब्रुवारीत मराठी भाषा दिन असतो. त्यानिमित्त माझ्या डोक्यातून एक कल्पना निघाली आणि मी ती मांडली तेव्हा कोणीही माझा हात धरला नाही, याचं मला आजही आश्चर्य वाटतं. सातवीच्या माझ्या वर्गात मी 'वाणीशुद्धी सप्ताह' सुरू केला. कपाटातला जुना लाकडी डस्टर काढला, त्याला पिवळा कागद चिकटवला आणि नियम सांगितला: जो अशुद्ध बोलेल त्याच्या बाकावर हा डस्टर. दुसरं कोणी अशुद्ध बोललं की पहिल्याने तो तिकडे सरकवायचा, आणि शेवटच्या तासाला ज्याच्याकडे असेल त्याने एक पान शुद्धलेखन लिहायचं. मला वाटलं, आठवड्यात वर्गाची भाषा आरशासारखी लखलखेल.

आत्या, आमचा वर्ग कसा आहे ते तुला सांगायला हवं, नाहीतर माझ्या मूर्खपणाचा पूर्ण पल्ला ध्यानात यायचा नाही. प्रितम आपल्या मराठवाड्याचा, त्याच्या घरी 'करायलास, बोलायलास'. साईराज रायगडचा, त्याच्या बोलण्याला वेगळाच हेल. पिंटूचे आईवडील जौनपूरचे, पण तो माझ्यापेक्षा चांगली मराठी बोलतो आणि त्याबद्दल त्याला कोणी डस्टर दिला नाही, उलट शाबासकी दिली. आणि नवघर गावातली, म्हणजे या बिल्डिंगा उगवण्याआधी इथे शेती आणि मिठागरं करणाऱ्या घरांतली, चार-पाच आगरी मुलं. त्यातली एक मिनल. तर पहिल्या दिवशी डस्टर सतरा वेळा फिरला आणि त्यातले नऊ वेळा मिनलच्या बाकावर थांबला. दुसऱ्या दिवशी मुलं एकमेकांच्या तोंडाकडे मांजर उंदराच्या बिळाकडे बघतं तशी बघत बसली. तिसऱ्या दिवशी वर्गात मराठी बंद पडली. म्हणजे खरोखर बंद पडली. कारण पोरांच्या लक्षात आलं की नियम अशुद्ध मराठीला आहे, हिंदीला नाही. 'सर, पानी पीने जाऊं क्या?' 'सर, इसने मेरा कंपास लिया.' चाळीस पोरं, एकेकाचं हिंदी असं अस्खलित की मी काही बोलायला जावं तर माझीच पंचाईत. चौथ्या दिवशी प्रितमची आई गेटवर भेटली आणि म्हणाली, सर, तुमी मराठीचं कायतरी चालू केलंय म्हनं, मग ह्यो घरी पन हिंदीच का बोलायलाय? मी म्हणालो, संक्रमणकाळ आहे. तिला ते कळलं नाही. मलाही नव्हतं कळलं.

मिनलने मात्र हिंदीचा आडोसा घेतला नाही. ती गप्प झाली. आधीही फार बोलायची नाही, आता हजेरीलाही नुसता हात वर. वाचायला उभी केली की पुस्तक धरून उभी राहायची, ओठ मिटलेले. मी एकदा विचारलं तर तिने गळ्यावर हात ठेवून दाखवला. (आत्या, तू हसते आहेस का? मला तेव्हा काहीच आठवलं नाही. मेंदूच्या जागी माझ्याकडे डस्टर होता.) वर्षअखेरचे शेरे लिहायचे होते. मी तिच्या नावापुढे लिहिलं: अबोल, आकलन कमी, स्मरण कमी, पुढील वर्षी मदतवर्गात बसवावे. मदतवर्ग म्हणजे मागे पडलेल्या मुलांचा वेगळा वर्ग. नाव चांगलं आहे, पण एकदा तिथे बसलेलं मूल परत मुख्य वर्गात आलेलं मी पाहिलेलं नाही. नऊ शब्दांत मी त्या पोरीचं वर्ष, आणि कदाचित शाळाच, निकालात काढत होतो, आणि अक्षर मात्र सुंदर काढलं होतं.

सप्ताहाच्या शेवटच्या दिवशी तास चालू असताना गावाहून फोन आला. पंचशीला, तुझाच, की आत्याला ताप आहे. मी वर्गाच्या दाराबाहेर गेलो आणि मला माहीतही नाही मी काय बोललो. व्हय, कवापासून आलाय, डाक्टरला दावलं का, लेकरा अंगावर गोधडी घाल तिच्या, म्या येऊ का, असलं काहीतरी. ताप साधा होता, फोन ठेवला, आत आलो. दार उघडंच होतं, वर्गाने सगळं ऐकलं होतं. आणि मिनल उठली, आपल्या बाकावरचा डस्टर उचलला, शांतपणे चालत आली आणि माझ्या टेबलावर ठेवून गेली. पोरगी नियमाने वागली होती, आत्या. नियम माझाच होता. पण चाळीस पोरं फसकन हसली आणि मला असा राग आला की मी तिथल्या तिथे चिठ्ठी लिहिली: पालकांनी भेटावे.

पालक आले नाहीत. चिठ्ठीचं उत्तर आलं की आजी लग्नात गुंतली आहे, सवड झाली की येईल. मला वाटलं, बघा, मुलीच्या शिक्षणापेक्षा यांना लग्न मोठं. शेऱ्याच्या कागदांची फाइल बगलेत मारली आणि शनिवारी दुपारी मीच नवघर गावात तिच्या घरी गेलो. घराला कुलूप. शेजारीण म्हणाली, पेणकरपाड्याला मांडव आहे, सगळी तिकडेच. रिक्षा केली. रिक्षावाल्याशी मी हिंदीत बोललो. तो फोनवर घरच्यांशी मराठीत बोलत होता, ते ऐकूनही मी हिंदीतच बोललो आणि तोही माझ्याशी हिंदीतच. उतरल्यावर आम्ही एकमेकांना 'ठीक है' म्हणालो. इकडे असंच चालतं. त्याचं कारण कोणाला विचारू नये.

पेणकरपाड्याच्या त्या गल्लीत निम्मा रस्ता अडवून मांडव घातलेला. शर्ट खोचलेला, बगलेत फाइल, कपाळाला आठ्या, असा मी मांडवात शिरलो आणि जो तो उठून उभा राहिला. खुर्ची आली, थंड सरबत आलं. एक पोक्त गृहस्थ हात जोडून पुढे आले आणि म्हणाले, 'साहेब, आम्ही रीतसर परवानगी घेतलेली आहे. वाहतुकीस कोणताही अडथळा होणार नाही, याची आम्ही पूर्ण दक्षता घेऊ.' आत्या, अशी निर्दोष मराठी मी सबंध वाणीशुद्धी सप्ताहात ऐकली नव्हती! त्यांना वाटलं मी महापालिकेतून मांडव काढायला आलोय. मी म्हणालो, अहो मी मिनलचा सर. त्याबरोबर त्या गृहस्थांचे खांदे खाली आले, चेहरा सैल झाला आणि ते ओरडले, 'आवं मंग आदी सांगाचा ना! मना वाटला पालिकेचा हाय! बसा, जेवल्याशिवाय जावाचा न्हाय!' मी सरबताचा पेला धरून तसाच बसलो. एकच माणूस, एकच जीभ, मधे फक्त माझी फाइल. शुद्ध मराठी त्याला येत होती, उत्तम येत होती. ती त्याने भीतीसाठी राखून ठेवली होती.

आत बायकांच्या गराड्यात मिनलची आजी सरूबाई बसली होती. सत्तरीची, काटकुळी, नऊवारी नेसलेली, आणि गात होती. ती धवलारीण आहे. आगऱ्यांच्या लग्नात पहिल्या हळदीपासून शेवटच्या विधीपर्यंत जी गाणी लागतात ती धवले, आणि ते पाठ असणारी ती धवलारीण. ती गायल्याशिवाय इथे हळद लागत नाही, म्हणून तिला शाळेत यायला सवड नव्हती. आणि तिच्या मांडीला मांडी लावून मिनल. आजी एक ओळ सोडायची, पोरगी पुढची उचलायची. आजीला खोकला आला तर ही थांबली नाही, तिने तीन-चार कडवी एकटीने ओढून नेली, आणि भोवतालच्या पन्नास बायका तिच्या मागून म्हणत होत्या. मी अर्धा तास ऐकत होतो. फाइलमध्ये माझ्या सुंदर अक्षरात लिहिलं होतं: अबोल, स्मरण कमी.

गाणं थांबल्यावर मिनलने मला पाहिलं आणि पुन्हा ओठ मिटले. एवढ्या बायका मागून म्हणत होत्या आणि एक मी दिसलो तर आवाज गेला. सरूबाईने मला शेजारी बसवलं, तांदळाचे वडे पुढे ठेवले. मी चाचरत विचारलं, हिचा घसा वरचेवर बसतो का? म्हातारी माझ्याकडे बघून हसली. म्हणाली, 'पोरीचे गल्याला कय झालेला न्हाय, सर. तो शालेन बसतं ना घरा आली का सुटतं.'

मी घरी चालत आलो. बराच रस्ता आहे, पण रिक्षा करावीशी वाटली नाही. गोल्डन नेस्टच्या सर्कलपाशी मला थांबावं लागलं, आत्या, कारण हे वाक्य मी आधी ऐकलेलं होतं. अगदी हेच.

आई गेल्यावर मी तुझ्याकडे वाढलो आणि सातवी झाल्यावर, पोरगा आपल्याजवळ हवा म्हणून, दादांनी मला इकडे आणलं. ते तेव्हा भाईंदरला स्टीलच्या भांड्यांच्या कारखान्यात पॉलिशवर होते. आठवीच्या वर्गात पहिल्याच दिवशी मी उभा राहून म्हणालो, 'सर, म्या वाचू का?' आणि वर्ग हसला. सरही हसले. वाईट नव्हते ते, सहज हसले. मी खाली बसलो आणि ठरवून टाकलं. दुसऱ्या दिवसापासून कोणी काही विचारलं की गळ्यावर हात. घसा बसलाय. चार महिने बसला होता. दादांनी तीन डॉक्टर केले, गुळण्या केल्या, आणि शेवटी घाबरून तुला बोलावलं. तू रातोरात आलीस, माझ्यासमोर मांडी घालून बसलीस, तोंड उघडायला लावून आत बघितल्यासारखं केलंस आणि दादांना म्हणालीस, 'नागोराव, लेकराच्या घशाला काय बी झालं नाही. तेला कुन्हीतरी गप बसवलंय.' मग महिनाभर राहिलीस. रोज शाळेतून आल्यावर मला बोलायला लावायचीस, काय झालं, कोण काय म्हणालं, आणि तुला येत नव्हती ती शाळेची भाषा माझ्याकडून शिकायचं सोंग आणायचीस. मी 'मी' म्हणायचो, तू मुद्दाम 'म्या' म्हणायचीस, मी तुला सुधारायचो आणि त्यात मला माझा आवाज सापडला. आज ज्या आवाजावर माझं घर चालतं तो तू परत आणलेला आहे, आणि मी कसा तो वापरला बघ.

म्हणजे नोव्हेंबरात तू गळ्यावर हात ठेवलास तो मला सांगण्यासाठी. माझीच थाप तू मला परत दिलीस, कळेल म्हणून. आणि मी तुला ज्येष्ठमध आणून दिलं! आत्या, मला लाज वाटते. हे वाक्य खोडून मी तीनदा लिहिलं, त्याहून बरं काही सुचलं नाही.

सोमवारी मी काय केलं ते सांगतो, कारण सगळंच काही रडगाणं नाही. मिनलच्या शेऱ्याचा कागद फाडला आणि नवा लिहिला. मग वर्गात गेलो, टेबलावरचा डस्टर मुलांना दाखवला आणि म्हणालो, हा मिनलने मला बरोबर दिला होता. मग एकच प्रश्न विचारला: घरी जेवायला कसं बोलावतात? कोण बोलावतं, कोणाला, हेही सांगा. प्रितम उठला, साईराज उठला. पिंटूने भोजपुरीत आईची हाक मारली तेव्हा त्याचा मराठीतला शाबासकीवाला आवाज एकदम लहान पोरासारखा झाला. साईराजने सांगितलं की त्याची आई बाबांना रागात असली की 'वाढलंय' एवढंच म्हणते आणि पाहुणे असले की 'अहो, चला ना' म्हणते, आणि वर्ग लोळला, कारण सगळ्यांच्या घरी तेच. कोण, कोणाशी, कुठे आणि किती धाकात बोलतोय यावर भाषा बदलते, हे समजायला मला बी.एड.ला दोन वर्षं लागली होती आणि समजलं नव्हतं. पोरांनी तासाभरात फळाभर लिहिलं. सगळ्यात शेवटी मिनल उभी राहिली. आधी माझ्या हाताकडे पाहिलं, हातात डस्टर नाही ना ते, आणि मग म्हणाली, 'आजी बोलते, ये गो बाय, जेवाला ये.' अख्ख्या वर्षात तिने माझ्याशी आपणहून बोललेलं पहिलं वाक्य. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, ते मी फळा पुसताना लपवलं. डस्टरचा तेवढा उपयोग झाला.

प्रमाण मराठी मी शिकवणं सोडलेलं नाही, हे पंचशीला, तू नीट वाच, नाहीतर परीक्षेत घोळ करशील. अर्ज, परीक्षा, वर्तमानपत्र यांना ती लागते, आणि ती ज्याला येत नाही त्याला फाइलवाले नाडतात. पण मी मुलांना आता सांगतो की ती शाळेच्या गणवेशासारखी आहे. शाळेत घालावी, चांगली इस्त्री करून घालावी. घरचे कपडे जाळून टाका असं कोणी गणवेश देताना म्हणत नाही. ज्याच्या हातात खडू त्याची भाषा शुद्ध, एवढंच ते शुद्धतेचं गौडबंगाल, आणि खडू माझ्या हातात आला तो तुझ्या जिवावर. निशा म्हणते, हे तिला कधीचं माहीत होतं. ती दवाखान्याच्या खिडकीत दिवसभर गुजराती, हिंदी, कोकणातली आणि साहेबांची अशी भाषा बदलत असते आणि तिला कोणी अशुद्ध म्हणत नाही, कारण नंबर लावणं तिच्या हातात आहे.

तर आत्या, हे पत्र म्हणजे आभार. लांडग्याच्या गोष्टीबद्दल, त्या महिनाभराच्या 'म्या'बद्दल, आणि दिवसभर चघळलेल्या ज्येष्ठमधाबद्दल. तापाच्या दिवशी फोन करणाऱ्या पंचशीलाचेही. सरूबाईचे आभार मी वडे खाऊन मानले, एकूण अकरा. डोळ्याचं तू तुझ्या मनाने ठरव. मी आग्रह करणार नाही.

तुझा भाचा,
जीवन

ता. क. आग्रह करत नाही म्हणालो ते खरं आहे, पण ऑपरेशनची तारीख २० एप्रिल घेऊन ठेवली आहे. जयंती गावातच कर, तुझ्याशिवाय तिथे मिरवणुकीचं पान हलत नाही हे मला माहीत आहे. १६ तारखेची देवगिरीची तिकिटं काढली आहेत, परभणीहून. तुझं आणि पंचशीलाचं. खालचे बर्थ आहेत. दादरला मी घ्यायला येतो.

ता. क. २ : संजनाबाई पुन्हा जेवायला येणार आहेत. मिनलचा नवा शेरा दिला तेव्हा मी त्यांना सगळं सांगितलं, नोव्हेंबरसकट. त्या कपाळाला हात लावून म्हणाल्या, 'अहो खिल्लारे, तुमच्या जिन्यात मी एकदा आत्यांची लांडग्याची गोष्ट अर्धी ऐकली होती. पुढचं ऐकायला तर मी आले होते.' तर पुढचं त्यांना सांगावं लागेल. वर्गातल्या चाळीस जणांनाही सांगावं लागेल, त्यांना मी कबूल करून बसलोय. मिनलची आजीही येते म्हणाली आहे, तू जात्यावर म्हणायचीस त्या गाण्यांबद्दल मी तिला सांगितलंय, ती तिला हवी आहेत. खरी विनंती ही होती, वरची बारा पानं तिची प्रस्तावना.

ता. क. ३ : निशाने मेथी संपवून पत्र वाचलं. पूर्ण वाचलं, मग आत गेली, माझ्या शाळेच्या पिशवीतून डस्टर काढून आणला आणि माझ्यासमोर ठेवला. म्हणाली, आत्यांच्या बोलीबद्दल एवढं लिहिलंत आणि त्यांच्याशी त्यांच्या बोलीत एक ओळ नाही. खरं आहे. म्हणून ही शेवटची ओळ. पंचशीला, ही तू वाचू नकोस, आत्याच्या चांगल्या डोळ्यासमोर धर आणि एकेक अक्षर तिला बोटाने दाखव. तुझीच हाक आहे, आत्या. सांजच्याला ओट्यावर उभी राहून मला मारायचीस ती.

ये की वं आत्या, भाकर निवायली.